फिका हंडा

"नीट हलवलंस का?" मी धुण्याच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच विचारलं.

"दोनदा हलवलं."

"आणि गार करून घेतलास ना रस? गरम रसात ती कांडी खोटं बोलते, असं तूच सांगत असतोस."

"आफ्रा, मी हे काल शिकलो का गं?" कोर्बीनं काचेचा उंच पेला खिडकीकडे धरला, डोळे बारीक केले आणि पेला परत फळीवर ठेवला. "आठ. मघाशीही आठ, आताही आठ."

मी बिअर पीत नाही, पण या घरात इतकी वर्षं राहून आठ म्हणजे काय ते मला कळतं. ती कांडी काचेची असते, खालच्या टोकाला जड. रसात, म्हणजे धान्य भिजवून गाळलेल्या पाण्यात, सोडली की रस गोड असेल तर वर तरंगते, फिका असेल तर खाली जाते, आणि तिच्या मानेवरचा आकडा वाचायचा. उकळायच्या आधी अकरा तरी दिसायला हवेत. मग उकळून आटून बाराच्या वर जातात आणि त्याची गव्हाची बिअर होते. आठाचं जे होतं त्याला आमच्याकडे कुणी नाव ठेवलेलं नाही, कारण ते कुणी कुणाला पाजत नाही.

दुसऱ्या कुठल्या वर्षी मी म्हटलं असतं, बरं झालं, एक उन्हाळा तरी घराला बिअरचा वास येणार नाही. पण त्या दिवशी मला तसं म्हणवेना. सकाळी न्याहारीला ब्रेडवर लोणी लावता लावता कोर्बी म्हणाला होता, "आजचा शेवटचा बघतो. जमला तर ठीक. नाही जमला तर फेर्डलला सांगून ठेवलंय. संध्याकाळी ट्रेलर आण आणि हंडा घेऊन जा म्हणून."

मी म्हटलं, "बरं." बरं कसलं, डोंबल! माणूस हंडा देऊन टाकणार म्हणजे काय देऊन टाकणार, हे मला कळत नव्हतं का?

कोर्बिनियान माझा नवरा. आयुष्यभर रस्त्याच्या खात्यात होता. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, उन्हाळ्यात रस्त्याकडेचं गवत कापायचं, गाडीखाली आलेलं हरीण असलं तर तेही त्यानंच उचलायचं. वर चढला नाही, खाली आला नाही. बोलणारा नाही, गाणारा नाही, पत्त्यांत तर कायम हरणारा. चारचौघांनी त्याच्याकडे वळून बघावं असं त्याच्यापाशी एकच होतं, ही बिअर.

जूनमध्ये फ्रोनलाइखनामची, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाच्या सणाची, मिरवणूक निघते. फुलांच्या पायघड्या घालतात, आणि चार घरांपुढे वेदी मांडतात. त्यांतली एक आमच्या दारापुढे. मिरवणूक संपली की सगळी माणसं फिरून आमच्या अंगणात येतात, झगा उतरवून पाद्रीबाबासुद्धा. कोर्बी तळघरातून बाटल्या वर आणतो. पहिला पेला तो स्वतः भरतो, एक घोट घेतो आणि यंदाची कशी आहे ते एका वाक्यात सांगतो. तोवर कुणी झाकण उघडत नाही. वर्षातून एकदा माझा नवरा बोलतो आणि अख्खं अंगण ऐकतं.

आणि यंदा कार्निव्हलच्या आठवड्यात त्याला ताप आला. ताप गेला तो जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. कांदा कळेना, कॉफी कळेना. मी डुकराचं मांस भाजलं तर म्हणाला, "गरम आहे." एवढंच. डॉक्टर म्हणाले, येईल परत कदाचित, कुणाकुणाला येते. तेव्हापासून वाट बघतोय. हे घरात आम्हा दोघांनाच माहीत. त्यानं मला शपथ घातली होती. खानावळीत मित्रांबरोबर बसला की दुसऱ्यांची तोंडं बघून मान डोलवायचा, म्हणायचा, "हं, छान." मला ते बघवत नसे, म्हणून मी त्याच्याबरोबर जायचंच सोडून दिलं.

तर आता तो उलट्या बादलीवर बसला होता आणि हंड्याखालचा जाळ बारीक केला होता.

"कुठं चुकलं तेच कळत नाही," तो म्हणाला. "गहू तेवढाच, जव तेवढेच. पाणी मापून घातलं. दर वर्षीइतकंच गरम ठेवलं. पूर्वी मला कांडी लागायचीच नाही गं. बोट बुडवलं, चाखलं, की झालं. कांडी आपली मनाच्या समाधानाला."

"मग मी बोट बुडवते."

"तू?" तो हसला. मला त्या हसण्याचा राग आला, पण हसला म्हणून बरंही वाटलं. "तुला वासानं मळमळतं."

खोटं नव्हतं ते. आमच्या बापाची खानावळ होती. परकर घालायच्या वयापासून मी चार चार पेले हातात धरून टेबलांमधून पळायची. केसांना शिळ्या बिअरचा वास, उशीला तोच वास. लग्न ठरलं तेव्हा मी कोर्बीला सांगितलं होतं, तुला काय शिजवायचं ते धुण्याच्या खोलीत शिजव, माझ्या स्वयंपाकघरात तो रस येता कामा नये. त्यानं कबूल केलं आणि पाळलं.

तसा तो खानावळीत यायचा तेव्हाही वेगळाच. एक पेला घ्यायचा आणि उठायचा. मी एकदा टेबल पुसताना विचारलं, परवडत नाही का दुसरा? तर म्हणतो, "दुसऱ्यात पहिल्याची चव मरते." आणि पुढे म्हणतो कसा, "हिच्या तळाशी गवत आहे. पाऊस पडून गेल्यावर कापलेलं." मी मनात म्हटलं, हा येडा आहे. मग त्याच येड्याशी लग्न केलं.

बाहेर हॉर्न वाजला. फेर्डल, माझा धाकटा भाऊ. त्याला संध्याकाळी बोलावलं की तो दुपारी येतो, कारण दुपारी जेवण असतं. मागे ट्रेलर, ट्रेलरवर दोर आणि जुनी गोधडी. हंड्याला पोचे पडू नयेत म्हणून गोधडीसुद्धा घेऊन आला होता मेला!

"काय, निघाला का रस?" आत शिरत तो म्हणाला. पेल्यात वाकून बघितलं आणि शीळ घातली. "आठ? कोर्बी, हे काय, आजारी माणसाचं सूप आहे का?"

"झालं ते झालं," कोर्बी म्हणाला.

"झालं काय! साखर टाक की दोन-तीन किलो. कांडी कशी टुणकन वर येईल."

आमच्याकडे कुणी बायको पळवली तर गाव वर्षभरात विसरतं. बिअरमध्ये साखर घातली तर नातवंडांनाही सांगतं. कोर्बीनं मान वर केली.

"साखर? माझ्या हंड्यात?"

"अरे, कुणाला कळणार आहे?"

फेर्डल हे सहज बोलला. त्याला काय माहीत! पण कोर्बीचा चेहरा असा उतरला की मी उंबरा ओलांडून दोन पावलं आत आले. कुणाला कळणार आहे? ज्याला पहिल्या घोटात कळलं असतं, त्यालाच आता साखर काय आणि सरळ पाणी काय, काही कळणार नव्हतं. तो हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.

"फेर्डल, तोंड आवर," मी म्हटलं.

"मी काय वाईट बोललो? बरं, साखर नको तर आटव. उकळत ठेव संध्याकाळपर्यंत."

"आटवलं तर बारा होतील," कोर्बी हळू म्हणाला, "पण हंडा अर्धा होईल. अर्ध्या हंड्यात अंगण भागत नाही. निम्म्या माणसांना काय सांगू, तुम्ही पुढच्या वर्षी या?"

"शहरात ते दुकान आहे, माल्टची, म्हणजे वाळवलेल्या रसाचीच, पूड मिळते तिथं."

"शनिवार आहे. बंद झालं असेल."

"मग राहिलं," फेर्डल म्हणाला आणि हंड्याकडे असं बघितलं की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तांब्याचा हंडा तो, कोर्बीच्या आजोबांचा. फेर्डलला तो दारात फुलं लावायला हवा होता.

मला तिथं उभं राहवेना. रस गाळून झाल्यावर जो चोथा उरतो त्यातला मी दर वेळी घेते, ब्रेडमध्ये घालायला. भांडं घेतलं आणि चोथ्याच्या पिंपाकडे वळले. काहीतरी करायचं म्हणून केलं, नाहीतर रडले असते.

मूठ भरली आणि थांबले.

या चोथ्यात माझे हात काही आज पहिल्यांदा जात नव्हते. दर वर्षी मी तो पिठात मळते. तो कसा लागतो हे माझ्या तळव्यांना पाठ आहे, नुसती सालं, ओली, पोकळ, आतलं सगळं निघून गेलेलं. आज बोटांमधून दाणे घरंगळत होते. टपोरे, टणक. एक तोंडात टाकला आणि दाताखाली फोडला. आत पीठ. कोरडं पीठ!

"कोर्बी," मी म्हटलं, "हा गहू भरडलेलाच नाही."

"काय बोलतेस! काल संध्याकाळी दोनदा घातला चक्कीत."

"हे बघ. हात घाल. जव फुटलेत, सालं दिसताहेत. गहू अख्खा आहे. बारीक दाणा चक्कीतून तसाच खाली पडलाय."

तो उठला, पिंपात कोपरापर्यंत हात घातला, वर काढला आणि तळहातावरचे दाणे अंगठ्यानं दाबून बघितले. मग सरळ शेडकडे चालायला लागला. आम्ही दोघं मागे. चक्की तिथं बाकाला ठोकलेली असते, दोन लोखंडी रूळ, मधली फट कमीजास्त करायला बाजूला स्क्रू. त्या स्क्रूवर मी फार वर्षांपूर्वी नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. ठिपका वर असला की फट गव्हाची. आज ठिपका पार खाली फिरलेला होता.

कोर्बीनं ठिपका बघितला. मी ठिपका बघितला. मग आम्ही दोघांनी फेर्डलकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" फेर्डल म्हणाला. मग कान लाल झाले. लहानपणी मध चोरला की व्हायचे तसेच. "सशांसाठी जव भरडायचे होते. ईस्टरनंतर. तुम्ही दोघं डॉक्टरकडे गेला होतात. फट जरा मोठी केली, एवढंच. परत केली होती की थोडी!"

"थोडी!" मी म्हटलं. "गाढवा, गव्हाचा दाणा जवापेक्षा बारीक असतो हे तुला या वयात मी शिकवू? आणि वर साखर टाका म्हणतोय! सगळा गहू तुझ्यामुळे वाया गेला आणि हंडाही तूच नेणार, होय रे?"

"मला काय माहीत तो न बघता भरडेल! कोर्बी तर दर वेळी दाणे तोंडात टाकून बघतो. गाव हसतं त्याला, कोंबडीसारखा चघळतो म्हणून. यंदा का नाही चघळलेस?"

कोर्बी स्क्रू फिरवत होता. ठिपका वर आणला, रुळांमध्ये नख घालून बघितलं.

"चघळून काय करू?" तो आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला. "भुसा चघळल्यासारखं वाटतं. मला चव नाही, मेव्हण्या. वासही नाही. कार्निव्हलपासून नाही. दाणा तोंडात घालायची भीती वाटते म्हणून घातला नाही. दिव्याखाली बघितलं, सगळं पांढरं दिसलं, वाटलं झालं असेल."

फेर्डलचं तोंड उघडंच राहिलं.  मी मनात म्हटलं, आता हा काहीतरी अक्कल पाजळणार.

"म्हणजे," फेर्डल सावकाश म्हणाला, "माझ्या वाढदिवसाला तू माझ्या मोहरीच्या चटणीची एवढी तारीफ केलीस... अशी मोहरी जन्मात खाल्ली नाही म्हणालास..."

"खरंच नव्हती खाल्ली. काहीच लागलं नाही."

"मी दोन बरण्या जास्त दिल्या तुला!"

"तळघरात आहेत. घेऊन जा."

आधी मीच हसले. मग कोर्बी. मग फेर्डल असा हसला की चक्कीला धरून उभा राहिला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले ते त्यानं बाहीनं पुसले. "अरे कोर्बी," तो म्हणाला, "सांगायचंस की रे. मला सांगायचंस." मग नाक ओढलं आणि म्हणाला, "गोणीत गहू उरलाय का?"

उरला होता. शरद ऋतूतल्या हंड्यासाठी राखलेला. कोर्बीनं गोणी उचलून बघितली, मनातल्या मनात काही मांडलं, आणि कितीतरी महिन्यांनी मी त्याच्या चेहऱ्यावर तो भाव बघितला, बर्फ पडायला लागल्यावर गाडीची किल्ली शोधताना असायचा तो.

"हा भरडू," तो म्हणाला. "वेगळ्या भांड्यात भिजवू, थोड्या पाण्यात, दाट. तो रस हंड्यात घालायचा आणि मग उकळायचं, जरा जास्त वेळ. होईल. पण मोठं भांडं पाहिजे, झाकणाचं. आणि हळू आच पाहिजे, एकसारखी." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि परत गोणीकडे. तशी भांडी आणि तशी आच कुठं आहे हे तिघांनाही माहीत होतं.

"बघतोस काय?" मी म्हटलं. "मुरंबा घालायची दोन्ही पातेली काढते. पाय पुसून या आत."

फेर्डलनं चक्की फिरवली. मी त्याला बसूच दिलं नाही. कोर्बीनं प्रत्येक मूठ उजेडात नेऊन बोटांनी फोडून बघितली. मग माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या चुलीवर, माझ्या पातेल्यांत ते प्रकरण सुरू झालं. मुरंब्याचा तापमापक आत सोडला, झाकणांवर गोधडी पांघरली, तीच, हंड्यासाठी आणलेली. वास आला. खानावळीचा नव्हता तो. ओल्या पिठाचा होता, बेकरीच्या मागच्या दारात येतो तसा. मी नाक मुरडायला तयारच होते, पण मुरडावंसं वाटलं नाही.

"आता चाखायला पाहिजे," थोड्या वेळानं कोर्बी म्हणाला. "पिठाचा गोड रस झाला की नाही ते जिभेलाच कळतं. मला तर..." आणि त्यानं चमचा माझ्यापुढे धरला.

 मी चमचा घेतला.

"कसं आहे?"

"खळीसारखं. कपड्यांना घालतो ना, तसं. चिकट. चव अशी नाही."

"गोड अजिबात नाही?"

"मागून जरासं."

"मग अजून थांबू."

फेर्डल टेबलापाशी सूप पीत होता, चमचा वाजवायचा विसरून आमच्याकडे बघत. पुन्हा चाखलं. पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा चमचा तोंडात घातला आणि तसाच ओठांत धरून ठेवला.

"काय झालं? बिघडलं का?"

"गोड झालं रे," मी म्हटलं. "चांगलंच गोड."

"कसं गोड? साखरेसारखं?"

"नाही, नाही. साखर अशी अंगावर येते. हे... ब्रेडची कड असते ना, खरपूस, ती बराच वेळ चावली की तोंडात गोड होते. तसं."

कोर्बीनं डोळे मिटले. ओठ हलले, काहीतरी चावत असल्यासारखे. "कडेची," तो म्हणाला. "हो. तीच. मग झालं. उतरव."

गाळायला धुण्याच्या खोलीतली चाळणी चालली नाही. नुसत्या गव्हाला जवासारखी सालं नसतात, चिखल बसतो. मी सफरचंदाच्या श्ट्रुडेलची पातळ पोळी लाटायचं मोठं कापड आणलं, त्यात ओतलं, आणि फेर्डलला म्हटलं, पीळ. "सशांची नावं घे आणि पीळ." तो घामाघूम होईपर्यंत पिळत होता. जाड, ढगाळ रस पातेल्यात पडत होता. तो हंड्यात गेला, जाळ मोठा झाला, हॉप्सची कडू फुलं पडली आणि धुण्याच्या खोलीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. कुणी म्हटलं नाही, आफ्रा, तू आत कशी.

ऊन अंगणातून मागच्या भिंतीवर गेलं तेव्हा कोर्बीनं जाळ बंद केला. हंडा तळापासून ढवळला. पेला भरला आणि गार पाण्यात ठेवला. आम्ही तिघं त्या पेल्याकडे बघत उभे राहिलो. गार झाल्यावर त्यानं कांडी सोडली, बोटांनी फिरवली आणि तोंड वळवलं.

"तू वाच."

"मला ते आकडे नीट दिसत नाहीत."

"माझा चष्मा घे. माझ्यानं नाही बघवत."

मी चष्मा लावला. कांडी हळूहळू फिरायची थांबली. मी वाकले. पहिल्यांदा वाटलं चुकून वाचतेय, म्हणून परत वाकले.

"बारा," मी म्हटलं. "बाराच्या वर. एक रेघ वर आहे, कोर्बी!"

तो बादलीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. हुश्श म्हणायला तोंड उघडलं तर हसूच आलं त्याला. माझ्या खांद्यांवरून काय उतरलं ते मी सांगू शकत नाही. मी त्याच्या टकलावर ओला हात ठेवला आणि तिथंच ठेवून उभी राहिले. फेर्डलनं ट्रेलरवरचा दोर गुंडाळला. अख्ख्या दाण्यांचा चोथा सशांसाठी भरून घेतला, गोधडी घेतली, मोहरीच्या दोन बरण्याही घेतल्या.

"फुलांसाठी मी प्लॅस्टिकची कुंडी बघतो," गाडीत बसता बसता तो म्हणाला. मग काच खाली करून, "आणि माझ्याकडून कुठं जाणार नाही ती गोष्ट."

गेली नाही. फेर्डलसारख्या माणसाच्या पोटात राहिली, याचं मला अजून नवल वाटतं.

फ्रोनलाइखनामच्या सकाळी, वेदीवर पांढरं कापड घालून झाल्यावर, कोर्बीनं मला तळघरात बोलावलं. एक बाटली उघडली. फेस पेल्याबाहेर आला. मी घोट घेतला, तोंड वाकडं केलं नाही.

"केळं आहे," मी म्हटलं. "पिकलेलं. मागून लवंग. मग जरा आंबट, जिभेच्या कडेला. वाईट नाही रे."

"केळं. लवंग. कडेला आंबट," तो म्हणाला. जिना चढताना परत म्हणाला.

मिरवणूक झाली. पाकळ्या तुडवत माणसं अंगणात आली, पाद्रीबाबा घाम पुसत खुर्चीत बसले. बाटल्या टेबलावर मांडलेल्या, झाकणं बंद. कोर्बीनं पेला तिरका धरून भरला, बाटलीच्या तळाचा गाळ फिरवून वर ओतला, आणि प्यायला.  मी त्याच्या मागे पाव कापत होते आणि सुरी थांबली होती. फेर्डल आपल्या बुटांकडे बघत होता.

"केळं पुढे," कोर्बी म्हणाला. "लवंग मागे. कडेला आंबट." मी श्वास सोडला. पण तो थांबला नव्हता. पेल्यात बघत होता. "आणि अगदी तळाशी गवत. पाऊस पडून गेल्यावर कापलेलं."

"आहा!" पाद्रीबाबा म्हणाले, आणि झाकणं फटाफट उघडली.

गडबड झाली, पेले भरले, कुणीतरी कोर्बीच्या पाठीवर थाप मारली. मी त्याच्या शेजारी गेले आणि हळूच विचारलं. 

"गवताचं मी सांगितलं नव्हतं. लागलं तुला? खरंच लागलं?"

त्यानं मान हलवली. "नाही गं. आठवलं."

एवढंच म्हणाला आणि लोकांकडे बघून हसला. मी त्याच्या हातातून पेला काढून घेतला. एक घोट घेतला, डोळे मिटून. केळं, लवंग. दुसरा घेतला. माझी पावाची सुरी टेबलावर तशीच पडली होती, कुणीतरी लोणी मागत होतं. मी तिसरा घोट तोंडात धरून ठेवला आणि सावकाश गिळला.

"आहे," मी त्याला म्हटलं. "गवत आहे, कोर्बी."